अनुभव धागा : घरातलं भांडण समुपदेशकाकडे नेताना (इंदूर)

ओसरी (धागाकर्ती)

इंदूरच्या मराठी घरात भांडण मिटवायची जुनी पद्धत ठरलेली आहे. मामा किंवा थोरले काका येतात, चहा होतो, दोघांना समोर बसवून कोण चुकलं ते सांगतात आणि जेवून जातात. पंधरा दिवसांनी तेच भांडण पुन्हा उभं. समुपदेशकाकडे जाणारी मंडळीही बहुतेकदा हाच निवाडा मागायला जातात आणि तो न मिळाल्यामुळे खट्टू होऊन परततात. या कामातली जाणकार मंडळी इथे आहेत, त्यांना लिहायचं आमंत्रण आहे. आपल्या घरची कहाणी नको, कुणाचं नाव नको. नेमकं काय करतात, किती वेळ लागतो, कुठे फसतं, एवढंच लिहा.

दोनखुर्च्या

पहिल्या चार भेटींचं गणित आधी सांगतो, कारण पुष्कळ जोडपी पहिलीनंतरच ‘काही फरक पडला नाही’ म्हणून सोडून देतात.

पहिली भेट दोघांची एकत्र, साठ ते नव्वद मिनिटं. काय बिघडलंय, कधीपासून, आजवर काय काय करून पाहिलं, हे विचारलं जातं. शिवाय एक प्रश्न हमखास असतो: सुरुवातीला एकमेकांचं काय आवडलं होतं? हा प्रश्न उगाच नसतो. लग्नाच्या पहिल्या वर्षातली गोष्ट सांगताना जे दोघं अजून एकमेकांचं वाक्य पुरं करतात, तिथे ओल शिल्लक असते. दुसरी आणि तिसरी भेट एकेकट्याची. मारहाण, व्यसन, बाहेरचं प्रकरण, जीव द्यायचे विचार, हे जोडीदारासमोर कुणी बोलत नाही. चौथ्या भेटीत पुन्हा दोघं. आपल्याला काय दिसलं ते समुपदेशक मांडतो आणि दोन-तीन उद्दिष्टं ठरतात. म्हणजे खरं काम पाचवीपासून सुरू. तिथून पुढे आठवड्याला एक, अशा आठ ते वीस भेटी धरून चाला. सुरुवातीलाच महिन्यातून एक ठेवली तर प्रत्येक भेट मागच्या महिन्याच्या तक्रारी ऐकण्यातच संपते.

उद्दिष्टं मोजता येणारी हवीत. ‘तिने आदर द्यावा’ हे उद्दिष्ट नव्हे. ‘पैशाचा विषय रात्री दहानंतर काढायचा नाही, रविवारी सकाळी अर्धा तास त्यासाठी ठेवायचा’ हे उद्दिष्ट.

फोनवर वेळ घेतानाच चार गोष्टी विचारा. शिक्षण काय? जोडप्यांसोबत काम करायचं वेगळं प्रशिक्षण घेतलंय का? एकट्याच्या भेटीत सांगितलेलं दुसऱ्यापासून लपवलं जाणार की नाही? आयत्या वेळी भेट रद्द केली तर पैसे लागतात का? तिसरा प्रश्न लोक विसरतात आणि तिथेच मोठी फसगत होते. बायकोने एकटीच्या भेटीत काही सांगितलं, समुपदेशकाने ते पोटात ठेवलं आणि नवऱ्याला नंतर कळलं की याला आधीपासून ठाऊक होतं, तर तो पुन्हा त्या खोलीत पाऊल ठेवत नाही. नियम कोणताही असो, तो पहिल्या दिवशी दोघांसमोर सांगितलेला असावा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्याकडे भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक असतो. तो विचारण्यात संकोच कसला?

जीरावन

खोलीत प्रत्यक्ष काय शिकवतात त्याबद्दल. अमेरिकेतल्या जॉन गॉटमन यांनी जोडप्यांना भांडताना चित्रित करून वर्षानुवर्षं अभ्यास केला. नातं पोखरणाऱ्या चार सवयी त्यांनी वेगळ्या काढल्या. आपल्या भाषेत सांगायचं तर उणं काढणं, तुच्छ लेखणं, स्वतःचाच बचाव करत राहणं आणि अबोला. चौघांत सर्वांत घातक तुच्छ लेखणं. आपल्याकडे त्याला टोमणा म्हणून सूट मिळते, ‘तिचा स्वभावच तसा’ म्हणून पोटात घालतात. समुपदेशक ही सूट देत नाही.

अबोल्याबद्दल गैरसमज फार. गप्प बसणारा माणूस दर वेळी माजोरीच असतो असं नाही. भांडण चढलं की नाडी मिनिटाला शंभरावर जाते, कानावर पडलेलं डोक्यात शिरत नाही आणि माणूस दगड होतो. अशा वेळी वाद थांबवायचा, निदान वीस मिनिटं. पण थांबायची रीत असते. ‘मला आत्ता सुचत नाहीये, साडेनवाला परत बोलू’ असं वेळ सांगून उठायचं आणि साडेनवाला परत यायचं. वेळ न सांगता उठणं म्हणजे दार आपटून जाणंच. आणि त्या वीस मिनिटांत बहिणीला फोन लावून तीच कथा उगाळली तर नाडी खाली येत नाही. गच्चीवर फेऱ्या मारा, भांडी घासा, काहीही करा, पण मनातल्या मनात पुढचं उत्तर रचू नका.

दुसरा सराव बोलण्या-ऐकण्याचा. एकाने दहा मिनिटं बोलायचं, दोन-तीन वाक्यांच्या तुकड्यांत. दुसऱ्याने प्रत्येक तुकडा आपल्या शब्दांत परत सांगायचा आणि विचारायचं, ‘हेच ना?’ ‘हो’ आलं की पुढचा तुकडा. मग अदलाबदल. उत्तर, सल्ला, खुलासा, काही द्यायचं नाही. ऐकायला बालवाडीतलं वाटतं, पण पहिल्या वेळी तीन मिनिटंही जमत नाही. हमखास होणारी चूक म्हणजे ‘मला वाटतं’ने सुरू झालेलं वाक्य ‘तू आळशी आहेस’वर येऊन थांबतं. ‘मला’नंतर भावना यायला हवी: मला एकटं पडल्यासारखं होतं, भीती वाटते, राग येतो. आरोपाच्या आधी ‘मला वाटतं’ चिकटवलं म्हणून तो आरोप राहत नाही असं नाही. पहिल्या आठवड्यात हा सराव भांडणाच्या विषयावर करूच नये. ऑफिसातला दिवस, गाडीची दुरुस्ती असे बिनकाट्याचे विषय घ्यावेत.

गॉटमन यांचा एक आकडा मला फार दिलासा देणारा वाटतो. जोडप्यांचे सुमारे ६९ टक्के वाद कधीच पूर्ण सुटत नाहीत, सुखी जोडप्यांचेही नाहीत. एक उधळा, एक काटकसरी, तर तो वाद जन्माचा. समुपदेशनानंतर तो उरतोच, फक्त घरात धुसफूस न होता बोलता येऊ लागतो.

रामबागकर

भाषेचा मुद्दा राहिला, इंदुरात तो अगदी रोजचा. मराठी मुलगा आईला ‘तू’ म्हणतो, त्यात माया असते. हिंदीभाषक घरातून आलेली सून सासूला ‘आप’ म्हणते. मग हळूहळू मराठी शिकते आणि नवऱ्याचं ऐकून सासूला ‘तू’ म्हणते, की ठिणगी पडते. उलट सासूचं ‘तू’ सुनेला उर्मट वाटतं. समुपदेशक नुसता हिंदी जाणणारा असेल तर ही गाठ त्याला दिसतच नाही. दोन्ही भाषा येणारा शोधा. न मिळाल्यास आपल्याकडे कोण कुणाला काय म्हणतं, हे पहिल्याच भेटीत सांगून टाका.

नवीपाटी

दोघांपैकी एक जण यायलाच तयार नसेल तर?

दोनखुर्च्या

जो तयार आहे त्याने एकट्याने जावं. एकाने भांडणातली आपली ठरलेली चाल बदलली की दुसऱ्यालाही ती बदलावी लागते. बोलावताना ‘तुझ्यावर इलाज करायला हवा’ असा सूर लागला की संपलं. ‘मी जातेय, माझं कुठे चुकतं ते मला कळत नाही, तीन भेटींना चला, नाही पटलं तर सोडू’ असं मोजून मागितलं तर होकाराची शक्यता वाढते. आणखी एक. एकाला राहायचंय, दुसऱ्याच्या मनाने घर सोडलंय, अशा जोडप्याला सरळ सरावाला बसवू नये. त्यांच्यासाठी एक ते पाच भेटींचं वेगळं काम असतं, राहायचं की सुटायचं याचा निर्णय स्पष्ट करण्याचं. ते न करता सुरुवात केली की एक जण गृहपाठ करतो आणि दुसरा घड्याळ बघतो.

उंबरठा

सगळ्यांनी छान लिहिलंय, पण एक गोष्ट मोठ्या अक्षरात लिहायला हवी होती. जिथे मारहाण आहे, धमकी आहे, पैसा-फोन-माहेर तोडलेलं आहे, तिथे जोडप्याचं एकत्र समुपदेशन नको. खोलीत ती खरं बोलली तर घरी जाऊन त्याची किंमत मोजते, खोटं बोलली तर समुपदेशन खोट्यावर उभं राहतं. आधी तिच्या सुरक्षिततेची योजना: कागदपत्रांच्या प्रती घराबाहेर ठेवणं, एक शेजारीण ठरवणं, संकटाचा इशारा म्हणून एखादा शब्द ठरवणं. तातडीला ११२, महिला हेल्पलाइन १८१, आणि हिंसा सोसणाऱ्या बाईला एकाच ठिकाणी मदत देणारं सरकारी ‘सखी’ वन स्टॉप सेंटर.

२००५ च्या घरगुती हिंसाचार कायद्यात दंडाधिकारी समुपदेशन सांगू शकतात, पण त्याचे नियम वेगळे आहेत. ‘तिने उलट उत्तर दिलं म्हणून हात उचलला’ असं समर्थन त्या बैठकीत मांडायलाच मनाई आहे आणि ती सुरुवातीलाच सांगायची असते. हिंसा पुन्हा होणार नाही याची हमी घेणं हा त्या समुपदेशनाचा हेतू. ‘दोघांनी थोडं थोडं समजून घ्या’ म्हणणारा माणूस तिथे चुकीच्या खुर्चीत बसलाय.

काळाकोट

कोर्टाच्या बाजूने. १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्याच्या कलम ९ प्रमाणे तडजोडीचा प्रयत्न करणं हे न्यायालयाचं कर्तव्य आहे. शक्यता दिसली तर त्यासाठी तारीख पुढेही देता येते. कलम १३ मुळे तिथे वकील उभा करणं हा हक्क नाही, परवानगी लागते. त्यामुळे समुपदेशकासमोर तुम्हालाच बोलावं लागतं, वकिलाने पाठ करून दिलेलं नव्हे. परस्परसंमतीच्या घटस्फोटाला अर्जाआधी एक वर्ष वेगळं राहिलेलं हवं. पहिल्या अर्जानंतर सहा ते अठरा महिन्यांत दुसरी पायरी, म्हणजे दोघांनी पुन्हा कोर्टापुढे तीच मागणी करायची. यातले सहा महिने योग्य परिस्थितीत माफ होऊ शकतात, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलंय. म्हणून ‘सहा महिने वाया’ म्हणून कण्हत बसण्यापेक्षा, मनात किंतु असेल तर हाच काळ भेटींसाठी वापरा.

पोलिसांच्या परिवार परामर्श केंद्रात प्रकरण गेलं तर एका शब्दाला जपा. आपल्या मराठीत राजीनामा म्हणजे नोकरी सोडणं. इथल्या हिंदी कागदांत राजीनामा म्हणजे समझोता. सही करण्याआधी तो दोनदा वाचा, मराठीत अर्थ लावून घ्या. ‘दोनों पक्ष प्रेम से रहेंगे’ या वाक्याला काडीची किंमत नाही. कुठे राहणार, खर्चाला दरमहा किती आणि कोणत्या तारखेला, माहेरी केव्हा, दागिने कुणाकडे, पुन्हा भेट कधी, हे लिहिलेलं हवं. महिलेला उत्पन्न कितीही असलं तरी विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो. त्यासाठी १५१०० हा नंबर आहे.

औषधपेटी

कधी कधी भांडण हा आजाराचा धूर असतो. बाळंतपणानंतरच्या महिन्यांत सून सतत रडते, झोप येत नाही, बाळाकडे बघवत नाही म्हणते, आणि घरचे ‘नखरे’ म्हणतात. तिथे आधी डॉक्टर, मग जोडप्याचं काम. दारूचंही तसंच. रोज पिणाऱ्याने समुपदेशकासमोर शपथ घेऊन एका रात्रीत बंद केली, हे ऐकायला गोड, पण धोक्याचं. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भ्रम होऊन जिवावर बेतू शकतं. सोडायची ती डॉक्टरच्या देखरेखीखाली. बाणगंगेचं सरकारी मानसिक रुग्णालय आहे, फोनवर बोलायचं तर टेली मानस १४४१६. ‘वेड्यांचं हॉस्पिटल’ म्हणून बाणगंगेचं नाव काढताच घाबरणारी पिढी अजून आहे, म्हणून मुद्दाम लिहिलं.

पाटावरवंटा

सासू-सुनेबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणजे नवलच. कुटुंबाच्या भेटीत पहिलं काम तीन पिढ्यांचा नकाशा काढायचं: कोण कुणाशी जवळ, कोण कुणाशी बोलत नाही, कोण लवकर गेलं, कोण घर सोडून गेलं. कागदावर रेघा उमटल्या की बहुतेकदा एक त्रिकोण दिसतो. सासूला मुलाशी बोलायचंय, ती सुनेमार्फत बोलते. सुनेला नवऱ्याशी भांडायचंय, ती सासूशी भांडते. दोघींच्या मध्ये अडकलेला मुलगा पुण्या-बंगळुरूला नोकरी करून सणाला येतो आणि दोघींच्या तक्रारी दोघींना पोचवतो. समुपदेशक त्याला हे टपाल बंद करायला सांगतो. ‘आई, हे तू तिच्याशीच बोल, मी शेजारी बसतो’ एवढं एक वाक्य त्याच्याकडून घोकून घेतात. पहिले तीन-चार आठवडे घर अधिक तापतं, कारण जुनी नळी बंद झालेली असते. नेमक्या याच टप्प्यावर लोक समुपदेशन सोडतात.

बैठकीत जास्तीत जास्त दोन विषय. स्वयंपाकघराची वाटणी आणि फ्लॅट कुणाच्या नावावर, हे एका दिवशी नको. मिळकतीचा भाग असेल तर ज्येष्ठांनी आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा २००७ चा कायदा माहीत करून घ्यावा. निर्वाह अधिकरण सुनावणीआधी प्रकरण समेट अधिकाऱ्याकडे पाठवू शकतं आणि त्याला महिन्याभरात निष्कर्ष द्यायचे असतात. मुलाच्या नावे बक्षीसपत्र करताना ‘सांभाळ करेल’ ही अट कागदावर लिहून घ्या. विश्वास आहे म्हणून नाही लिहिली, असं म्हणणारेच पुढे अधिकरणाच्या पायऱ्या चढतात.

शाईपेन

मुलांबद्दल थोडक्यात. मुलाला निरोप्या करू नका (‘बाबांना सांग जेवायला यायला’), आणि पंच तर मुळीच नको. वेगळं व्हायचं ठरलंच तर दोघांनी एकत्र बसून सांगावं: शाळा कुठली, झोपायचं कुठे, दुसरा पालक कुठल्या वारी भेटणार. लहान मुलाला कारणांपेक्षा हेच हवं असतं. आणि ‘तुझ्यामुळे झालं नाही’ हे एकदा सांगून भागत नाही, अनेकदा सांगावं लागतं.

जीरावन

एक किरकोळ पण कामाची गोष्ट. भेटीनंतरचा तासभर मोकळा ठेवा. दोघं एकाच स्कूटरवर घरी येताना वाटेत सिग्नलवर ‘आत काय बोललीस ते’ सुरू झालं की खोलीतलं काम बाहेर सांडतं. पहिल्या काही भेटींना वेगवेगळे या, वेगवेगळे जा. शनिवारी संध्याकाळची वेळ टाळा, राजवाड्याच्या गर्दीतून धापा टाकत पोचलेल्या दोघांची पहिली वीस मिनिटं उशीर कुणामुळे झाला यातच जातात.