लाँग रन बुडालेत, जानेवारीत फुल पळू का?

ठाणेकर_धावरा: मुंबई मॅरेथॉनचं फुल (४२ किमी) भरून बसलोय, जानेवारीतला तिसरा रविवार म्हणजे जेमतेम सहा आठवडे उरलेत, आणि आधी दिवाळीचा फराळ मग खोकला मग ऑफिसचं लफडं असं करत लाँग रन (आठवड्याची सगळ्यात लांब धाव) २४ किमीच्या पुढे गेलाच नाही. ठाण्यातल्या येऊरच्या डोंगराचा चढ अधूनमधून मारतो. या रविवारी डायरेक्ट ३२ मारू का?

काका_५५: अजिबात नको, नडगी धरून बसशील. २६ कर, मग २९-३०, मध्ये एक हलका आठवडा आणि शेवटचे दोन-तीन आठवडे टेपर, म्हणजे धावणं कमी करत आणायचं. बुडालेलं भरून काढायला जाऊ नकोस.

पहाटपाखरू: +१. आणि येऊर सोडू नका हो! रेसमध्ये सी लिंकवर गार वारं लागतं, लोक सुसाट सुटतात, मग परतीला पेडर रोडचा चढ येतो तेव्हा ऊन वर आलेलं आणि पाय संपलेले, निम्मे लोक तिथे चालतात. (मीही चालते, लाज कसली.) नुसतं पाणी ढोसू नका, मीठही हवं.

ठाणेकर_धावरा: ओके काका, २६च. पळताना घ्यायचं एनर्जी जेल पोटाला झेपत नाही, चिक्की चालेल का?

काका_५५: चालेल, पण दम लागल्यावर घशात अडकते. खजूर बघ.