लघवीत अल्ब्युमिन ४६ आणि सोनोग्राफीत फॅटी लिव्हर, दोन्हीचा काही संबंध?

साखळीकर:
चवथीच्या आधी बाबांचं (वय ५२, वजन ८४) चेकअप केलं. सोनोग्राफीत ग्रेड टू फॅटी लिव्हर, लिव्हरची एन्झाइम्स एसजीओटी ३८ आणि एसजीपीटी ४९, प्लेटलेट २ लाख ४० हजार, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.१, बीपी १४२/९०. आणि लघवीतला अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रोटीन)-क्रिएटिनिन रेशो ४६ आलाय. साध्या लघवीच्या रिपोर्टात मात्र प्रोटीन निल, मग हे ४६ कुठून आलं? शेजारचे काका म्हणतात अल्ब्युमिन लिव्हर बनवतं, ते लघवीतून जातंय म्हणजे लिव्हर गेलं समजा. तेव्हापासून आईचं जेवणात लक्ष नाही. बाबा दारूला शिवत नाहीत, काजूच्या उर्राकच्या सीझनला पण नाही, तरी फॅटी लिव्हर कसं काय?

लॅबवाली_फोंडा:
काकांचं अर्धंच खरं आहे. अल्ब्युमिन लिव्हरच बनवतं, पण ते लघवीत जाऊ न देणं हे किडनीच्या गाळणीचं काम, त्यामुळे गळती दिसली तर आधी किडनीकडे बघायचं. लिव्हर खरंच थकलं, म्हणजे सिरोसिसपर्यंत (लिव्हर व्रणांनी कडक होईपर्यंत) गोष्ट गेली, तर रक्तातलं अल्ब्युमिन उतरतं, ते लिव्हर फंक्शनच्या रिपोर्टात वेगळं असतं, ३.५ च्या वर असेल तर आईला म्हणावं जेव. निलचं म्हणशील तर साध्या पट्टीला एवढं थोडं कळतच नाही. रेशो ३० च्या खाली नॉर्मल, ३० ते ३०० ला पूर्वी मायक्रोअल्ब्युमिन म्हणायचे. पण एका सँपलवरून काही ठरवू नका, ताप, लघवीचं इन्फेक्शन, आदल्या दिवशीची जबर अंगमेहनत यांनी पण वाढतो. सकाळची पहिली लघवी घेऊन परत करा, तीन ते सहा महिन्यांत तीनपैकी दोनदा वाढलेला आला तरच खरा धरतात.

साखळीकर:
अंगमेहनत म्हणजे, त्याच दिवसांत बाबा माटोळीचं (गणपतीवर बांधायच्या रानफळांच्या सजावटीचं) सामान आणायला डोंगर पालथे घालत होते 😅

बांबोळी_वारी:
मग परत करायलाच हवी. मी मेडिसिनवाला आहे, पण पेशंट बघितल्याशिवाय औषध सांगणार नाही. संबंध आहे, फक्त काकांनी लावला तसा नाही. पोटाची चरबी, इन्सुलिन नीट न चालणं, बीपी, साखर या सगळ्यांनी एकीकडे लिव्हरमध्ये चरबी साठते आणि दुसरीकडे बारीक रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर बिघडतं, किडनीची गाळणी त्याच वाहिन्यांची असल्यामुळे अल्ब्युमिन तिथून झिरपायला लागतं. म्हणून फॅटी लिव्हरवाल्यांमध्ये हा रेशो वाढलेला जास्त सापडतो, आणि पुढे किडनीचा आजार व्हायची शक्यता पण त्यांना जास्त असते. उलटं मात्र करू नका, लघवीवरून लिव्हर किती खराब ते कळत नाही. दारू न पिणाऱ्यांनाही फॅटी लिव्हर होतंच, म्हणून तर २०२३ मध्ये नाव बदलून एमएएसएलडी केलं, त्यात मेटाबॉलिक हा शब्द मुद्दाम घातलाय.

लिव्हरसाठी फिब-४ काढा, लिव्हरमध्ये व्रण किती झालेत त्याचा अंदाज देणारा हिशोब: वय गुणिले एसजीओटी, भागिले प्लेटलेट (हजारात) गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ. बाबांचं ५२ × ३८ ÷ (२४० × ७), म्हणजे १.१८. १.३ च्या खाली असेल तर फायब्रोसिस (ते व्रण) पुढे गेलेला असायची शक्यता कमी. मला विचारशील तर या रिपोर्टात लिव्हरपेक्षा बीपी आणि एचबीएवनसी ६.१ जास्त टोचतंय, ती प्रीडायबेटीस आहे. बीपी घरी मोजून लिहून ठेवा, किडनीसाठी रक्तातलं क्रिएटिनिन केलं नसेल तर करा. वजन सात ते दहा टक्के उतरलं, म्हणजे ६ ते ८ किलो, तर लिव्हरची चरबी आणि सूज दोन्ही कमी होतात. नुस्त्याची (माशांची) कढी खाऊ दे की, ताटातला शिताचा (भाताचा) डोंगर आणि संध्याकाळचे पाव तेवढे कमी करा. खारं सुकं नुस्तं पण कमीच, बीपी आहे.

वाळपईचो_बाबल:
आमच्याकडे गुळवेल भरपूर, रोज सकाळी काढा द्या, लिव्हर साफ.

बांबोळी_वारी:
बाबल, तेवढं नको रे. कोविडच्या काळात गुळवेलीचे काढे पिऊन लिव्हरला इजा झालेल्या केसेस मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदवल्यात. आणि साखळीकर, गुडघ्यासाठी वगैरे बाबा मनानेच पेनकिलर घेत असतील तर ते पण डॉक्टरांना सांगा, किडनीला त्या बाधतात.

साखळीकर:
घेतात, डोंगरावरून आले की हमखास 🤦 रक्तातलं अल्ब्युमिन बघितलं, ४.३ आहे, आईला दाखवलं. सोमवारी परत सँपल देतो. लॅबवाली ताई, बाटली घरून नेली तर चालेल का, की लॅबचीच लागते?

लॅबवाली_फोंडा:
लॅबचीच घे, आदल्या दिवशी नेऊन ठेव. आणि रविवारी बाबांना डोंगरावर पाठवू नको!