हिमालयातील सस्तन व सरपटणारे प्राणी पाहण्यासाठी मे महिना योग्य की दसऱ्याची सुट्टी?

जांबोटीकर

सर्वांना नमस्कार. मी खानापूर तालुक्यात शिक्षक आहे. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला या पट्ट्यात पावसाळ्याच्या रात्री बॅटरी घेऊन चापडे (फांद्यांवर राहणारे विषारी साप), पाली आणि बेडूक शोधण्याची सवय मला लहानपणापासूनची आहे, आणि भीमगड अभयारण्य जवळ असल्यामुळे गवे, भेकरे, शेकरू यांचेही अधूनमधून दर्शन होते. आता पत्नी आणि नववीत शिकणारी मुलगी यांच्यासह उत्तराखंडातील चोपता व तुंगनाथ भागात जाण्याचे मनात आहे. तिथल्या पक्ष्यांविषयी विचारले तर मोनाल कोणत्या वळणावर दिसेल इथपर्यंत लोक सांगतात. पण सस्तन आणि सरपटणारे प्राणी पाहायचे असतील तर काय करावे, याविषयी मराठीत सलग असे काही वाचायला मिळाले नाही.

शाळेमुळे मला एक तर उन्हाळ्याच्या सुट्टीत जाता येईल किंवा दसऱ्याच्या. यांपैकी कोणता काळ बरा? आपल्याकडे पाऊस पडून गेल्यावर रात्री बाहेर पडले की साप दिसतात, तसे तिथे करता येईल का, की एवढ्या उंचीवर सरपटणारे प्राणी शोधण्यातच अर्थ नाही? शिवाय एका सहल कंपनीने चोपता सोडून हिमबिबट्यासाठी लडाखला चला असा आग्रह धरला आहे. कुटुंबासह पहिल्यांदाच हिमालयात जाणाऱ्यांसाठी तो बेत कितपत शहाणपणाचा आहे, हेही कृपया सांगावे.

टिळकवाडीकर

जांबोटीकर सर, तुमच्या प्रश्नातच उत्तराचा निम्मा भाग आहे. तुमचा सगळा सराव जवळचे पाहण्याचा आहे. आपल्या घाटात रान दाट असते, प्राणी दिसला तर दहा-पंधरा पावलांवर दिसतो, नाही तर नुसता आवाज ऐकून परतावे लागते. चोपत्याला परिस्थिती नेमकी उलटी आहे. दरीपलीकडचा अख्खा उतार तुमच्यासमोर उघडा असतो आणि प्राणी अर्ध्या किलोमीटरवर, कधी त्याहूनही दूर, आपल्या कामात गढलेले असतात. तिथे पायांपेक्षा बसण्याला महत्त्व आहे. सकाळी उजाडण्यापूर्वी एखाद्या चांगल्या टेकाडावर जाऊन बसावे, दुर्बीण गुडघ्यांवर कोपरे टेकवून स्थिर धरावी आणि समोरच्या उताराचे मनातल्या मनात आडवे पट्टे पाडून एकेक पट्टा डावीकडून उजवीकडे सावकाश पाहत जावे. पहिल्या फेरीत दगड, गवत आणि सावल्या यांपलीकडे काहीही दिसत नाही, कारण नजर बसायला वेळ लागतो. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत मघाशी नसलेला एक करडा ठिपका कड्याच्या खालच्या गवतात आढळतो, आणि तो मान वर करतो तेव्हा गळ्यावरचा पांढरा डाग स्पष्ट दिसतो. हा घोरल. त्या भागात सर्वांत भरवशाने दिसणारा मोठा सस्तन प्राणी हाच आहे. तो पहाटे आणि संध्याकाळी चरतो, ढगाळ हवेत मात्र दिवसभरही बाहेर राहतो, त्यामुळे आभाळ आले म्हणून खोलीत बसून राहू नका.

हा सगळा परिसर 1972 मध्ये स्थापन झालेल्या केदारनाथ वन्यजीव अभयारण्याचा भाग आहे. सुमारे 975 चौरस किलोमीटरचे हे अभयारण्य मुख्यतः कस्तुरी मृगासाठी राखले गेले आणि चोपता-मंडल रस्त्यावरील कांचुला खरक येथे त्याचे प्रजनन केंद्रही होते. हा मृग आपल्या भेकरापेक्षा लहान असतो. नराला शिंगे नसतात. त्याऐवजी वरच्या जबड्यातून बाहेर डोकावणारे दोन लांब सुळे असतात. तो एकटा राहतो आणि झाडांची हद्द जिथे संपते तिथल्या बुरांसाच्या (ऱ्होडोडेंड्रॉनच्या) झुडपांत दिवस काढतो. त्याला एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा लेंड्या टाकण्याची सवय असल्यामुळे जुन्या-नव्या लेंड्यांचा ढीग सापडला, तर तो तिथे वावरतो एवढे निश्चित समजावे. त्या ढिगाजवळ दबा धरून बसू नये, ही माझी विनंती आहे. कस्तुरीच्या हव्यासापोटी या जनावराची इतकी शिकार झाली आहे की माणसाचा वास त्याच्या वाटेवर जितका कमी राहील तितके चांगले.

तुंगनाथचे मंदिर सुमारे 3,680 मीटर उंचीवर आहे आणि चोपत्याहून बांधीव पायवाट आहे. या वाटेवर बहुतेक लोक मान खाली घालून चढत राहतात आणि दगडांच्या राशींमधला पिका त्यांच्या नजरेतून सुटतो. गोल कानांचा, शेपूट न दिसणारा हा चिमुकला प्राणी उंदरासारखा भासला तरी तो सशाच्या गणातला आहे आणि हिवाळ्यातही झोपी जात नाही. राशीपासून चार-पाच मीटरवर मुलीला शांत बसवा. एकदा दगडाआड गेलेला पिका बहुधा थोड्या वेळाने त्याच फटीतून किंवा शेजारच्या फटीतून बाहेर येतो, अंग आक्रसून उन्हात बसतो आणि मग पाने कुरतडू लागतो. वरच्या कड्यांवर थार ही रानबकरी शोधा. त्याच्या नराच्या मानेवर आणि खांद्यांवर दाट आयाळ असते, ती वाऱ्यावर हलली की दुरूनही कळते.

काळाविषयी माझे मत असे, की केवळ सस्तन प्राणी पाहायचे असते तर मी ऑक्टोबर सुचवला असता, कारण पावसाने धुतलेली हवा स्वच्छ असते. पण तुम्हाला सरपटणारे प्राणीही पाहायचे आहेत. त्याविषयी हल्याळकरांनी लिहावे.

हल्याळकर

सरपटणाऱ्यांसाठी मे महिनाच घ्यावा. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे 750 मीटरवर आहे आणि तुंगनाथ त्याच्यापेक्षा जवळजवळ 3,000 मीटर वर. दर 1,000 मीटरला हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते असे धरले, तर केवळ उंचीमुळे 19 अंशांचा फरक पडतो. ज्या प्राण्यांच्या शरीराचे तापमान बाहेरच्या उबेवर अवलंबून असते, त्यांच्यासाठी या फरकाने दिवसाचे सगळे वेळापत्रक बदलते. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात उंचावरचे बरेचसे साप आणि सरडे फटींमध्ये दडू लागतात. मे महिन्यातही रात्री बॅटरी घेऊन फिरण्यात काही हशील नाही, कारण रात्रीच्या थंडीत तिथे साप फारशी हालचाल करत नाहीत. शिवाय अभयारण्यात रात्री भटकण्यास मुभा नाही, आणि बिबट्या व हिमालयीन काळे अस्वल यांच्या मुलखात तसे करणे धोक्याचेही आहे.

तिथे सापासरड्यांची वेळ म्हणजे उन्हे दगडावर येऊन तास-दीड तास झाल्यानंतरची. रस्त्याच्या कडेच्या दगडी संरक्षक भिंती, शेतांचे बांध, देवळांची जोती अशी पूर्वेकडे तोंड असलेली जागा निवडा आणि सावली न पाडता उभे राहा. हिमालयीन खडक-सरडा तुम्हाला हमखास भेटेल. खरखरीत पाठ, चपटे अंग आणि विणीच्या काळात नराच्या गळ्यावर निळसर झाक ही त्याची खूण. आधी तो दगडाला पोट घट्ट चिकटवून ऊब घेतो आणि अंग तापले की पुढच्या पायांवर उठून मान वरखाली करू लागतो. हा बदल पाहण्यासाठी एकाच सरड्यापाशी थांबावे. दहा सरडे धावत पाहण्यापेक्षा तुमच्या मुलीला त्यातून अधिक समजेल. गवताळ उतारांवर दगडांच्या आसपास लहान, तुकतुकीत सापसुरळ्याही दिसतात.

आता हिमालयीन पिट व्हायपरविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण आपल्या भागातील माणसाची नजर इथे फसण्याची शक्यता आहे. चापडा म्हटले की आपण कारवीच्या किंवा बांबूच्या फांदीवर नजर टाकतो. हिमालयातील हा त्यांचा नातेवाईक मात्र जमिनीवर राहतो, रंगाने तपकिरी आणि ठिपकेदार असतो, आणि बांधाच्या दगडाखाली किंवा पडलेल्या ओंडक्याच्या कडेला वेटोळे करून पडलेला असतो. डोळा आणि नाकपुडी यांच्यामधली उष्णता टिपणारी खाच दोघांनाही असते. तो अंडी घालत नाही, थेट पिल्ले देतो. आपल्याकडील मलबारी चापडाही तसेच करतो हे तुम्हाला ठाऊक आहेच, पण थंड प्रदेशात या पद्धतीचा लाभ फार मोठा आहे: गार जमिनीत घातलेली अंडी वाढणे कठीण, तर पोटातल्या पिल्लांसाठी मादी दिवसभर ऊन बदलेल तशी जागा बदलून ऊब मिळवू शकते. विणीजवळ आलेली मादी म्हणूनच उन्हात अधिक वेळ दिसते, आणि अशा मादीला हुसकावणे म्हणजे तिच्या पिल्लांची ऊब हिरावणे होय.

दगड हाताने उलटू नका आणि बांधावर बसण्यापूर्वी नीट पाहा. आपल्या देशात सर्वत्र वापरले जाणारे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषांपासून तयार होते. पिट व्हायपरच्या विषासाठी ते बनवलेले नाही. दंश झालाच, तर धावपळ न करता रुग्णालय गाठावे आणि साप पकडण्याच्या किंवा मारण्याच्या भानगडीत पडू नये. चोपत्यासारख्या ठिकाणाहून मोठे रुग्णालय दूर आहे, म्हणून घोट्याच्या वरपर्यंत येणारे बूट तिघांनीही घालावेत.

आणखी एक सुचवतो. मोठे सरपटणारे प्राणी पाहायचे असतील तर हिमालयाच्या पायथ्याला उतरा. कॉर्बेट राष्ट्रीय उद्यानात रामगंगेच्या काठावर मगर आणि सुसर दोन्ही एकाच नदीत दिसतात. मगर आपल्याला दांडेलीच्या काळी नदीमुळे आणि चिकोडी-अथणीकडच्या कृष्णेमुळे परिचित आहे, परंतु लांब निमुळत्या जबड्याची, केवळ माशांवर जगण्यासाठी घडलेली सुसर आपल्या नद्यांत नाही. प्रौढ नराच्या नाकावर मडक्यासारखा उंचवटा असतो, तो दुर्बिणीतून सहज दिसतो.

जांबोटीकर

दोघांचेही मनापासून आभार. रात्रीच्या शोधाविषयीचा माझा समज वेळीच दुरुस्त झाला. मे महिना आणि पायथ्याला कॉर्बेट हा बेत पत्नीलाही पटला आहे. मुलीचे मन मात्र अजून हिमबिबट्यात अडकले आहे, तेव्हा लडाखविषयीही कोणी स्पष्टपणे लिहावे.

निपाणीकर

हिमबिबट्यासाठी मे महिन्यात लडाखला जाऊ नका, इतके मी ठामपणे सांगतो. तो पाहण्याचा काळ जानेवारी ते मार्चचा असतो, कारण त्या थंडीत भरल (हिमालयातील रानमेंढ्या) खालच्या उतारांवर येतात, त्यांच्यामागे तोही येतो, आणि त्याच्या मीलनाचा काळही तोच असल्याने तो अधिक फिरतो. देशातील पहिल्या सर्वंकष गणनेचा अहवाल जानेवारी 2024 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार भारतात 718 हिमबिबटे आहेत आणि त्यांपैकी 477 एकट्या लडाखमध्ये आहेत. हा आकडा ऐकून तो सहज दिसेल असे वाटते, पण प्रत्यक्षात उणे तापमानात दिवसच्या दिवस उतारांवर नजर रोखून बसावे लागते, आणि दिसला तरी बहुधा तिपाईवरच्या मोठ्या दुर्बिणीतून (स्पॉटिंग स्कोपमधून), दूरच्या कड्यावर. लेह स्वतःच सुमारे 3,500 मीटरवर आहे. विमानाने थेट तिथे उतरल्यावर किमान दोन दिवस विश्रांती घेतल्याशिवाय आणखी वर जाऊ नये. पहिल्याच खेपेस मुलांना घेऊन हे सारे करण्यापेक्षा चोपत्याची निवड योग्य आहे.

तुमची मुलगी पुढे कधी उन्हाळ्यात लडाखला गेलीच, तर तिला चांगथांग या उंच पठारावरचे मार्मोट (बिळात राहणारी मोठी खार), कियांग (रानगाढव) आणि विशेषतः तिथल्या रेताड जमिनीवरचा बेडूकतोंड्या म्हणता येईल असा छोटा सरडा दाखवा. फ्रायनोसेफॅलस थिओबाल्डी हे त्याचे शास्त्रीय नाव. जवळजवळ 5,000 मीटरपर्यंत आढळणारा हा सरडाही पिल्लेच देतो, त्यामुळे हल्याळकरांनी मांडलेला मुद्दा तिला डोळ्यांनी पडताळता येईल.

मार्मोटविषयी मात्र कळकळीने सांगावेसे वाटते. पँगाँगच्या रस्त्यावर पर्यटक त्यांना बिस्किटे आणि वेफर्स भरवतात, त्यांना मांडीवर घेऊन छायाचित्रे काढतात आणि चालकही गाडी मुद्दाम तिथे थांबवतात. हा प्राणी वर्षातील जवळजवळ सहा महिने बिळात शीतनिद्रेत काढतो. उरलेल्या थोड्या महिन्यांत गवत आणि मुळे खाऊन त्याला अंगावर चरबी साठवायची असते, आणि नेमक्या त्याच महिन्यांत आपण त्याच्या पोटात मैदा आणि मीठ घालतो. माणसाला न घाबरणारा मार्मोट रस्त्यावरच्या कुत्र्यांनाही सापडतो. तुंगनाथच्या वाटेवर वानरांच्या बाबतीत हेच घडते, म्हणून मुलीच्या हाती खाऊची पिशवी उघडी देऊ नका.

टिळकवाडीकर

प्रवासाविषयी थोडेसे. तुम्हाला लोंड्याहून किंवा बेळगावहून गोवा एक्स्प्रेसने थेट हजरत निजामुद्दीनला जाता येईल. मे महिन्यात चारधाम यात्रेमुळे ऋषिकेश ते रुद्रप्रयाग रस्त्यावर मोठी गर्दी असते, म्हणून त्या टप्प्यासाठी पूर्ण दिवस राखून ठेवा आणि उखीमठला एक रात्र काढा. तिथल्या बांधांवर सरडे शोधत दिवस जाईल आणि उंचीचीही सवय होईल. दुर्बीण 8×42 या मापाची पुरेशी आहे. तिघांत एकच असली तर उजाडताना दोघे नुसते बसून राहतात, म्हणून शक्य असल्यास दुसरी कोणाकडून मागून घ्या.

कॉर्बेटमधला ढिकाला विभाग 15 जूनपासून 15 नोव्हेंबरपर्यंत बंद असतो, त्यामुळे दसऱ्याच्या सुट्टीत तो तुम्हाला मिळालाच नसता. मे महिन्यात तिथे कडक उष्मा असतो, पण जलाशयाच्या काठच्या गवतावर हत्तींचे कळप जमतात आणि सकाळ-संध्याकाळ मगरी व सुसरी वाळूवर येतात. तिथल्या वनविश्रामगृहातील मुक्कामाचे आरक्षण आधी करावे लागते आणि मे महिन्यातील जागा लवकर भरतात. तेव्हा तारखा ठरवण्याची सुरुवात ढिकालापासून करा, आणि रेल्वेची तिकिटे त्यानंतरच काढा.