मदत हवी आहे: सहा जणांच्या टीमसाठी लॅपटॉप, सगळ्यांना एकच मॉडेल की दोन प्रकारचे?

नमस्कार मंडळी,

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे, फिक्श्चर (काम करताना पार्ट पकडून ठेवणारी साधनं) आणि एसपीएम (ठरावीक कामासाठी बनवलेली खास मशीन) बनवतो. मी डिझाइन बघतो, पण ‘तुला कॉम्प्युटरमधलं कळतं’ म्हणून लॅपटॉप खरेदीचं लचांड शेठनी माझ्या गळ्यात घातलंय. (प्रिंटरमध्ये कागद अडकला तरी मलाच हाक येते.)

आत्ताचे लॅपटॉप सातव्या पिढीच्या इंटेलचे, म्हणजे विंडोज ११ च्या यादीत बसत नाहीत. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि एका ग्राहकाच्या ऑडिटमध्ये नेमकं त्यावरच बोट ठेवलं गेलं.

चौघं दिवसभर सॉलिडवर्क्सवर (थ्रीडी डिझाइनचं सॉफ्टवेअर) असतात, मोठी असेंब्ली दीड हजार पार्टच्या पुढे जाते. उरलेले दोघं चाकणला नाहीतर रांजणगावला, पीएलसीत (मशीनच्या कंट्रोलरमध्ये) प्रोग्रॅम टाकून मशीन चालू करून देतात. शेठचं म्हणणं, सगळ्यांना सारखेच घे, रुसवेफुगवे नकोत. बजेट नगामागे सव्वा लाख, जीएसटी सोडून (त्याचं क्रेडिट मिळतं).

एमजी रोडच्या दुकानदाराने सहाही गेमिंगचे सुचवलेत. ‘साहेब, तेच ग्राफिक्स कार्ड, निम्म्या किमतीत.’ पण सॉलिडवर्क्सच्या प्रमाणित यादीत वर्कस्टेशनची (व्यावसायिक डिझाइनसाठीच्या कॉम्प्युटरची) कार्डंच असतात. जीफोर्सवर, म्हणजे गेमिंगच्या कार्डावर, चालतं, पण काही अडलं तर सपोर्टवाले आधी कार्ड विचारतात. त्यात गेल्या वर्षी असा एक घेऊन शॉपफ्लोअरवर ठेवला होता. कास्ट आयर्नची बारीक धूळ पंख्याने आत ओढली, सहा महिन्यांत मदरबोर्ड गेला. चार्जर तर वीटच, ती बॅगेत घेऊन साइटवर कोण हिंडणार?

साइटवाल्यांचं दुखणं वेगळंच. त्यांना लॅन पोर्ट हवा, आणि जुन्या सीएनसी मशीनसाठी आरएस-२३२ (जुना सीरियल पोर्ट). स्वस्तातला यूएसबी कन्व्हर्टर विंडोज ११ ने ओळखलाच नाही, ग्राहकाच्या मशीनसमोर अर्धा दिवस फुकट गेला.

तर सारखेच घ्यावेत का? आणि वर्कस्टेशन या बजेटमध्ये बसतं का?

टूलरूमवाला: सारखे घेऊ नका. साइटवाल्यांना साधा बिझनेस लॅपटॉप, लॅन पोर्ट असलेला, १६ जीबी रॅम पुष्कळ. कन्व्हर्टर एफटीडीआय कंपनीच्या चिपचा, तोही खात्रीच्या दुकानातून, नकली चिपा फार आहेत. तिथे वाचलेले पैसे डिझाइनवाल्यांकडे वळवा. मॉडेलिंगचं बरंचसं काम प्रोसेसरच्या एकाच कोअरवर चालतं, तेव्हा कोअरच्या आकड्याला भुलू नका, क्लॉक स्पीड बघा. रॅम ३२ जीबी. पण चौघं जागेवरच बसतात ना? मग डेस्कटॉप का नाही? तेवढ्याच पैशात जास्त दम.

धागाकर्ता: डेस्कटॉपचं मीही म्हटलं होतं. पण डीएपीला (डिझाइन मंजूर करून घ्यायच्या बैठकीला) ग्राहकाकडे मॉडेल उघडून दाखवावं लागतं, तिथेच दोन बदल करून द्यावे लागतात.

टूलरूमवाला: चौघं एकदम जातात का? दोन वर्कस्टेशन लॅपटॉप, दोन डेस्कटॉप. ज्याचं डीएपी, त्याने लॅपटॉप न्यायचा.

सिन्नरकर: वर्कस्टेशनचं कोटेशन घेताना रॅमचे स्लॉट किती ते विचारा. हल्ली काहींत रॅम बोर्डालाच सोल्डर केलेली असते, पुढे वाढवता येत नाही. वॉरंटी तीन वर्षांची ऑनसाइट घ्या. आमचा एक लॅपटॉप दुरुस्तीला पुण्याला गेला, तीन आठवडे परत आला नाही.

धागाकर्ता: दोन-दोन-दोन बसेल असं वाटतंय. रुसव्याफुगव्यांचं शेठ बघतील. सोमवारी नवं कोटेशन मागवतो, स्लॉटचं लेखीच घेतो. जुने लॅपटॉप फॉरमॅट करून शेठच्या पुतण्याच्या क्लासला द्यायचे ठरलेत.

सिन्नरकर: फॉरमॅटच्या आधी सॉलिडवर्क्सचं लायसन्स त्या मशीनवरून डीअॅक्टिव्हेट करा. आम्ही विसरलो होतो, मग डीलरच्या मागे लागून सोडवून घ्यावं लागलं.