मदत हवी आहे : ब्राऊन सॉसला काय झालंय??

रेडिंगची_राणी:
नमस्कार मंडळी, अर्जंट आहे. शनिवारी घरी बार्बेक्यू आहे, ऑफिसचे लोक येतायत, आणि माझ्या चिकन विंग्जची नेहमीची रेसिपी पार बिघडलीये. ब्राऊन सॉस (इथे इंग्लंडात मिळणारा तो बाटलीतला आंबटगोड सॉस), हिरवी मिरची, लसूण, रात्रभर मुरवायचं, बस. कधी फसली नाही. आता सॉसच असा गुळमट लागतोय की विंग्ज नुसत्या गोड होतात, नाकात जायचा तो आंबट ठसका गेलाच. जुनी चव कशी आणू? "घरीच सॉस बनवा" असं प्लीज कोणी सांगू नका, वेळ नाहीये.

लीड्सचा_बंड्या:
कुठल्या ब्रँडचा? काचेची बाटली की पिळायची? फरक कधीपासून वाटतोय? काहीच लिहिलं नाहीये ताई.

जुनाट_माणूस:
एचपी असणार, इथला सगळ्यात ओळखीचा ब्राऊन सॉस तोच, दुसरं काय. हे दुखणं जुनं आहे. 2011 मध्ये मीठ कमी केलं, 100 ग्रॅममागे 2.1 ग्रॅम होतं ते 1.3 वर आणलं, इथल्या पेपरांत केवढी बोंबाबोंब झाली होती. त्याआधी 2007 मध्ये बर्मिंगहॅममधला अ‍ॅस्टनचा कारखाना बंद करून सगळं हॉलंडला नेलं. बाटलीवर चित्र मात्र अजून लंडनच्या पार्लमेंटचंच! कारखाना होता तेव्हा व्हिनेगरचा पाइप अ‍ॅस्टन एक्सप्रेसवे या महामार्गाच्या वरून पलीकडे गेलेला असायचा, गाडी खालून गेली की पोरं काचा बंद करून नाक धरायची. आता ते सगळंच गेलं.

चालतंय_की:
मीठ कमी केलं ते बरंच केलं. माझं बीपी बघता डॉक्टरांनी लोणचं, पापड सगळं बंद केलंय. तुम्ही पण जरा जपा.

रेडिंगची_राणी:
बीपीचं मी विचारलेलं नाहीये हो. आणि एचपी नाहीये, सुपरमार्केटचा स्वतःचा ब्रँड आहे, नाव लिहीत नाही, उगाच वाद नको. पिळायची बाटली. मागच्या उन्हाळ्यातली छान होती, मग लेबल बदललं आणि त्यासोबत हे.

जुनाट_माणूस:
मग आधी सांगायचं ना, मी एवढं टाइप केलं.

बार्शीची_काकू:
अगं राणी, एवढं काय त्यात, ब्राऊन सॉसमध्ये असतं काय? चिंच नि खजूर! आपली भेळेची आंबटगोड चटणीच ती, साहेबानं बाटलीत भरलेली. चिंचेचा कोळ दोन चमचे टाक, जिरेपूड टाक, विंग्ज अश्शा होतील की इंग्रज बोटं चाटतील.

लीड्सचा_बंड्या:
काकू, जिरेपूड नको हो, मग ती भेळच लागेल. ब्राऊन सॉसचा ठसका माल्ट व्हिनेगरचा (बार्लीपासून बनलेल्या व्हिनेगरचा) असतो, चिंच मागे असते. राणीताई, लेबलवर घटक कुठल्या क्रमाने आहेत तेवढं सांगा.

रेडिंगची_राणी:
पाणी, साखर, स्पिरिट व्हिनेगर, टोमॅटो पेस्ट, मग खजूर. चिंच पार खाली, मिठाच्याही नंतर.

लीड्सचा_बंड्या:
मग सापडलं की. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात इथे, म्हणजे तुमच्या बाटलीत पाण्याखालोखाल साखर आहे. आणि व्हिनेगर स्पिरिटचं, माल्टचं नाही, त्याला नुसता आंबटपणा असतो, माल्टचा तो वास नसतो. अर्धी वाटी सॉसला एक चमचा माल्ट व्हिनेगर, एक चमचा चिंचेचा कोळ, चिमूटभर मीठ. चाखून वाढवा.

बार्शीची_काकू:
म्हणजे चिंच माझीच ना शेवटी!

केंटमधली_गौरी:
सॉसचं सोडा, लाइल्सच्या गोल्डन सिरपचं (तो साखरेचा सोनेरी पाक) बघितलंत का? 2024 मध्ये बाटल्यांवरचा तो मेलेला सिंह नि त्याच्याभोवतीच्या मधमाश्या काढून त्याजागी सिंहाचं गोंडस तोंड टाकलं. डब्यावर जुनंच चित्र ठेवलंय म्हणून वाचले, मी आता हट्टाने डबाच घेते, चिकट झाकण उचकटताना चमचा वाकला तरी चालेल. कोणी त्याच्या पुरणपोळ्या केल्यात का?

मार्माइट_भक्त:
माझं दुःख वेगळं. मार्माइट, म्हणजे ब्रेडला लावायचा तो खारट काळा लेप, बिअरच्या यीस्टपासून बनतो. 2020 मध्ये कोविडमुळे पब बंद झाले, बिअर कमी बनली, मग तिचं यीस्ट कुठून येणार, तर मार्माइटची फक्त 250 ग्रॅमची बरणी बनवत होते. मोठ्या बरणीसाठी मी दुकानं पालथी घातली. गरम भाकरी, लोणी आणि मार्माइट, एकदा खाऊन बघा.

चालतंय_की:
शी. त्यापेक्षा बॉव्हरिल बरं, तो गरम पाण्यात घालून प्यायचा अर्क, पण त्यात बीफ.

जुनाट_माणूस:
2004 मध्ये बीफ काढून यीस्टचा अर्क घातला होता, 2006 मध्ये परत बीफ आलं. आमचा शाकाहारी रूममेट तेवढ्या काळात रोज रात्री कपभर प्यायचा, मग एक दिवस लेबल वाचून जो गप्प झाला! आणि सार्सन्स व्हिनेगर नि ब्रॅन्स्टनचं लोणचं हे इथले ब्रँड पण 2012-13 मध्ये जपानी मिझकान कंपनीने विकत घेतले.

रेडिंगची_राणी:
मंडळी, विंग्ज!! आत्ता थोडं करून बघितलं. माल्ट व्हिनेगर आणि मिठाने बराच फरक पडला, आंबटपणा आलाय. पण ती खोल, काळपट चव नाहीये, आणि मागे एक मसाल्याचा वास यायचा तो नाहीये. लवंग टाकू का?

बार्शीची_काकू:
टाक की, दालचिनी पण टाक.

लीड्सचा_बंड्या:
लवंग अगदी चिमूट, नाहीतर विंग्ज खाऊन दंतवैद्याकडे आल्यासारखं वाटेल. काळपट चवीसाठी ब्लॅक ट्रीकल (काळी काकवी) अर्धा चमचा, बेकिंगच्या शेल्फवर मिळेल. तो गोडसर कडवट असतो, आणि सॉसमध्ये साखर आधीच आहे, म्हणून जास्त घालू नका, व्हिनेगर आधी सव्वापट करा.

मार्माइट_भक्त:
वूस्टरशायर सॉस घाला हो, त्यात चिंच, मोलॅसिस, व्हिनेगर सगळं आयतं आहे.

केंटमधली_गौरी:
पण त्यात अँचोव्ही मासे असतात. पाहुण्यांत कोणाला माशांची अ‍ॅलर्जी असेल तर आधी विचारा.

रेडिंगची_राणी:
एकीला आहे, बरं झालं सांगितलंत. ट्रीकल आणते उद्या. गौरी, पुरणपोळीसाठी वेगळा धागा काढ गं, इथे नको.

केंटमधली_गौरी:
काढला. पण आधी सांगा, सिरप पुरणात शिजताना घालायचा की नंतर?