लॅपटॉपवर डीजेइंग शिकताना पहिला संच कोणता घेतलात? नाशिककरांचे अनुभव

निमंत्रण (गंगापूर रोड)

गणपती, नवरात्र आणि लग्नसराई जवळ आली की ओळखीतली तरुण मंडळी हमखास विचारतात, की घरी लॅपटॉप आहे, गाण्यांचा नाद आहे, डीजेइंग शिकायचे आहे, तर पहिले पैसे कशावर घालावेत? मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंती आणि दिव्यांचे झोत हा येथे विषय नाही. लॅपटॉपला जोडायचा कंट्रोलर (गाणी हाताने चालवण्याचे चकत्या-बटणांचे यंत्र), साउंड कार्ड (आवाज बाहेर काढणारा भाग), हेडफोन, सॉफ्टवेअर आणि केबल एवढ्यापुरतेच लिहावे, अशी विनंती आहे. आपण काय घेतले यापेक्षा ते का घेतले आणि त्यातले पुढे किती वापरात राहिले, हे सविस्तर आले तर नव्याने घेणाऱ्याला त्याचा उपयोग होईल.

सुरुवात मीच करतो. दुकानात कंट्रोलर दाखवताना फिरत्या चकत्या आणि रंगीत पॅड यांचे कौतुक आधी होते. मी मात्र यंत्र फिरवून त्याची मागची बाजू पाहिली. लोक एक गाणे ऐकत असतात, त्याच वेळी पुढचे गाणे फक्त आपल्या कानात वाजवून त्याचा ठोका जुळवायचा असतो, म्हणजेच एका लॅपटॉपमधून दोन वेगवेगळे स्टिरिओ आवाज एकाच वेळी बाहेर पडावे लागतात. साध्या लॅपटॉपच्या हेडफोन जॅकमधून अशी एकच जोडी मिळते. त्यामुळे कंट्रोलरच्या अंगावर मुख्य आवाजाची आरसीए जोडी आणि हेडफोनचा स्वतंत्र जॅक आहे का, म्हणजे त्याच्या पोटात चार वाहिन्यांचे साउंड कार्ड आहे का, हे मी आधी तपासले. पायोनिअरच्या डीडीजे-२०० मध्ये असे साउंड कार्ड नाही, त्याच्यासोबत दोन फाटे असलेली केबल येते. डीडीजे-४०० आणि त्याच्या जागी आलेले डीडीजे-एफएलएक्स४ यांमध्ये ते आहे. मी एफएलएक्स४ घेतले, कारण ते यूएसबीच्याच विजेवर चालते, माइक लावता येतो आणि रेकॉर्डबॉक्स व सेराटो डीजे लाइट या दोन्ही डीजे सॉफ्टवेअरशी जुळते. पॅडवरच्या इफेक्टपैकी निम्म्यांना मी आजही हात लावत नाही.

नाशिकरोड, अभियांत्रिकीचा विद्यार्थी

माझ्याकडे कंट्रोलरपुरते पैसे नव्हते, त्यामुळे मी उलट्या टोकाने आलो. मिक्स (Mixxx) हे डीजेइंगचे सॉफ्टवेअर मुक्त स्रोताचे आणि पूर्णपणे मोफत आहे, ते विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालते आणि कंट्रोलर नसला तरी कीबोर्डवर हात बसवता येतो. वर उल्लेख आलेली फाट्यांची केबल मी स्वतंत्र विकत घेतली. तिच्यासाठी सॉफ्टवेअरमध्ये मुख्य आवाज डाव्या वाहिनीत आणि कानातला आवाज उजव्या वाहिनीत पाठवावा लागतो, म्हणजे दोन्हीकडे स्टिरिओऐवजी मोनो मिळतो. घरच्या सरावाला त्याने काहीही अडत नाही. ठोका मोजणे, गाण्याची आठ-आठ ठोक्यांची वळणे ओळखणे आणि इक्वलायझरमधला बेस एका गाण्यातून काढून दुसऱ्यात सोडणे एवढे या जुळणीवर शिकून झाले. मग हर्क्युलिसचे डीजेकंट्रोल इन्पल्स २०० घेतले आणि आता नवे बटण कशासाठी आहे हे मला पाहताक्षणी कळत होते.

विंडोजवर आणखी एक गोष्ट पाहावी लागते. बटण दाबल्यापासून आवाज येईपर्यंतचा उशीर हा बफरच्या, म्हणजे आवाजाचे नमुने आधी साठवण्याच्या जागेच्या, आकारावर ठरतो, ४४.१ किलोहर्ट्झला २५६ नमुन्यांचा बफर म्हणजे साधारण ६ मिलिसेकंद, तर १०२४ नमुन्यांचा म्हणजे २३ मिलिसेकंद. कंट्रोलरच्या कंपनीचा एएसआयओ ड्रायव्हर (आवाजाचा उशीर कमी करणारा प्रोग्राम) मिळत असेल तर लहान बफर आवाज न तुटता चालतो. ब्लूटूथ स्पीकर किंवा ब्लूटूथ हेडफोन यांचा या कामात विचारच करू नये, कारण त्यांत बहुधा शंभर मिलिसेकंदांहून अधिक उशीर होतो आणि हात व कान यांचा मेळ बसत नाही.

कॉलेज रोड, गरबा आणि संगीत समारंभांत वाजवणारी

वरील दोन्ही अनुभवांशी मी सहमत आहे, परंतु आपल्याकडे वाजणाऱ्या संगीताच्या दृष्टीने आणखी एका भागाकडे लक्ष द्यायला हवे, आणि तो म्हणजे पिच फेडर, गाण्याचा वेग कमी-जास्त करणारी सरकती दांडी. परदेशी व्हिडिओंमध्ये शिकवणारे बहुतेक जण हाउस किंवा टेक्नो वाजवतात. ते संगीत संगणकावरच तयार होते, त्याचा वेग पहिल्या ठोक्यापासून शेवटपर्यंत एकच असतो, त्यामुळे दोन गाण्यांचे वेग आपोआप जुळवणारे सिंकचे बटण दाबले की काम भागते. आपल्या संगीत समारंभात मात्र आजीच्या आवडीचे जुने चित्रपटगीत लागतेच. ते संपूर्ण वाद्यवृंदासह एका दमात ध्वनिमुद्रित झालेले असते. कडव्यात वादक किंचित पुढे धावतात, धृपदावर सावरतात, आणि सॉफ्टवेअरने समान अंतरावर आखलेल्या ठोक्यांच्या रेषा गाण्याच्या मध्यावर येईपर्यंत सरकलेल्या असतात. रेकॉर्डबॉक्समध्ये गाण्याचे विश्लेषण बदलत्या वेगासाठी करण्याची सोय आहे, तिचा उपयोग होतो. तरीही शेवटी हाताने चकती ढकलून गाणे जागेवर आणावे लागते.

गरबा आणि कोळीगीते यांचा प्रश्न निराळा आहे. सहा मात्रांच्या चालीत सॉफ्टवेअर कधी मोठा ठोका पकडते, कधी आतला बारीक, आणि वेगाचा आकडा दीडपट किंवा निमपट दाखवते. त्या चुकीच्या मोजणीवर चार ठोक्यांचा लूप (तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाजवणे) लावला तर तो आवर्तनाच्या मध्येच तुटतो आणि फेर धरलेल्या बायकांची पावले चुकतात. अशा वेळी आकड्यावर विसंबणे सोडून कानाने जुळवायचे असते आणि त्यासाठी चकतीला वजन व पिच फेडरला लांबी हवी.

बारकाईने पाहायचे तर, कंट्रोलर सॉफ्टवेअरला पाठवतो त्या साध्या मिडी संदेशात फेडरची जागा १२८ पायऱ्यांत सांगितली जाते. अधिक-उणे ८ टक्क्यांची कक्षा ठेवली तर एक पायरी ०.१२५ टक्के, म्हणजे १२० बीपीएमच्या (मिनिटाला १२० ठोक्यांच्या) गाण्यावर ०.१५ बीपीएम होते, आणि एवढा फरक राहिला तर मिनिटभरात दोन गाणी सुमारे ७५ मिलिसेकंदांनी फाकतात, जे ढोलकीच्या थापेवर स्पष्ट ऐकू येते. अधिक बारीक पायऱ्यांचे, म्हणजे १४ बिटांचे संदेश पाठवणारे कंट्रोलर असतात. घेण्यापूर्वी ते विचारावे, आणि विक्रेत्याला सांगता आले नाही तर फेडर हळूच सरकवून पडद्यावरचा आकडा किती उडी घेतो ते स्वतः पाहावे. प्रवासासाठी माझ्याकडे न्यूमार्कचे डीजे टू गो टू टच हे पट्टीएवढे यंत्र आहे. त्यात साउंड कार्डही आहे, त्यामुळे अडीअडचणीला ते उत्तम, पण गरब्याच्या रात्री मी मोठे यंत्रच नेते.

सिडको, साउंडचा घरचा व्यवसाय

ताईंनी संगीताचे सांगितले, मी तारांचे सांगतो. औरंगाबाद रोडच्या किंवा गंगापूर रोडच्या लॉन्सवर नवखा डीजे येतो तेव्हा त्याचा कंट्रोलर नवाकोरा असतो आणि आमच्या मिक्सरपर्यंत पोहोचणारी केबल त्याच्याकडे नसते. सुरुवातीच्या बहुतेक कंट्रोलरना आरसीए आउटपुट असते. आमच्या मिक्सरला पाव इंची जॅक किंवा एक्सएलआर (तीन पिनांची केबल) लागते. म्हणून आरसीएपासून पाव इंची मोनो जॅकपर्यंतची चांगल्या प्रतीची केबल पहिल्याच खरेदीत घ्यावी, आणि ती फार लांब घेऊ नये, कारण हा अनबॅलन्स्ड, म्हणजे बाहेरच्या गोंगाटापासून संरक्षण नसलेला, सिग्नल असतो आणि लांब तारेत तो घरघर गोळा करतो. अंतर जास्त असेल तर डीआय बॉक्स (असा सिग्नल बॅलन्स्ड करणारी डबी) मध्ये घालून पुढे एक्सएलआर न्यावी.

लॅपटॉपला चार्जर लावला की स्पीकरमधून ‘हूंऽऽ’ असा आवाज येतो, ही तक्रार आम्ही दर हंगामात ऐकतो. त्यात लॅपटॉप किंवा कंट्रोलर खराब झालेला नसतो. चार्जरची अर्थिंग आणि साउंडची अर्थिंग यांचे वर्तुळ तयार होते. चार्जर काढून बॅटरीवर चालवून पाहिले की कारण लगेच ओळखता येते. लॅपटॉप आणि साउंड एकाच बोर्डावरून चालवावेत, किंवा ट्रान्सफॉर्मर असलेला डीआय बॉक्स वापरावा. चार्जरची अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा उपाय काही जण सुचवतात. तो जिवाशी खेळ आहे, विशेषतः पावसाळी मंडपात.

पंचवटी

लॅपटॉपविषयी थोडक्यात लिहितो. आठ जीबी रॅम आणि एसएसडी असलेला जुना लॅपटॉप दोन डेक, म्हणजे एका वेळी दोन गाणी, चालवायला पुरेसा ठरला. हार्ड डिस्क बदलून एसएसडी बसवणे ही त्यातली एकमेव खरेदी होती. यूएसबीची वीज वाचवणारी विंडोजची सेटिंग बंद करावी, नाहीतर कंट्रोलरची जोडणी मध्येच तुटू शकते. कार्यक्रमाच्या वेळी वाय-फाय आणि सूचना बंद ठेवाव्यात. गाण्यातून गायकाचा आवाज वेगळा काढणारी स्टेम्सची सोय मात्र प्रोसेसरवर फार ताण देते, ती हवी असेल तर लॅपटॉपचा विचार वेगळा करावा लागेल.

गाणी स्वतःच्या डिस्कवर ठेवावीत, कारण लॉन्सवर नेटवर्क मिळेलच असे नाही. ३२० केबीपीएसच्या चार मिनिटांच्या एमपी३ फाइलला सुमारे १० एमबी जागा लागते, म्हणजे हजार गाणी १० जीबीत मावतात.

इंदिरानगर, चौदा वर्षांच्या मुलाचे पालक

आमच्या घरी मुलाने हट्ट धरला तेव्हा आमची पहिली चिंता शेजाऱ्यांची होती. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. फ्लॅटमध्ये तर त्याहून कमी आवाजालाही खालच्या मजल्यावरून फोन येतो. म्हणून आम्ही स्पीकर घेतलाच नाही. त्या पैशांत बंद कपांचे, तारेचे हेडफोन घेतले, ज्यांचा एक कप फिरवून कान मोकळा ठेवता येतो आणि ज्यांची केबल निघते. मुलगा मुख्य आवाज आणि पुढचे गाणे दोन्ही हेडफोनमध्येच मिसळून ऐकतो. कंट्रोलरवर त्यासाठी स्वतंत्र बटण आहे. कंट्रोलर आम्ही वापरलेला घेतला. पाहायला गेलो तेव्हा प्रत्येक फेडर सावकाश वरखाली करून आवाज खरखरतो का ते पाहिले, आणि यूएसबीची पिन बसवून ती हलवल्यावर जोडणी टिकते का तेही पाहिले. आधीच्या मालकाच्या खात्याला सॉफ्टवेअरचा परवाना जोडलेला आहे का, हेही विचारून घेतले.

नाशिकरोड, पुन्हा

परवान्याचा विषय निघाला म्हणून जोडतो. सेराटो डीजे लाइट मोफत आहे, परंतु त्यात दोनच डेक मिळतात. रेकॉर्डबॉक्सची कामगिरी-पद्धत (परफॉर्मन्स मोड, म्हणजे गाणी प्रत्यक्ष मिसळून वाजवण्याची सोय) एफएलएक्स४ सारखा ठरावीक कंट्रोलर जोडला की खुली होते. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी दिसणारे व्हर्च्युअल डीजे घरगुती वापराला कंट्रोलरशिवाय मोफत असले तरी कंट्रोलर जोडायचा असेल किंवा पैसे घेऊन वाजवायचे असेल तर परवाना घ्यावा लागतो. म्हणून कंट्रोलरच्या किमतीत कोणते सॉफ्टवेअर येते आणि पुढच्या पायरीला किती पैसे लागतील, याची बेरीज आधीच करावी.

देवळाली कॅम्प, निवृत्त

माझ्या काळात टर्नटेबलशिवाय हे काम होत नसे; टेक्निक्सचे एसएल-१२०० हे १९७२ साली आले आणि त्याची थेट मोटरला जोडलेली थाळी आजच्या चकत्यांचा आदर्श आहे. टाइमकोडच्या (गाण्याऐवजी जागा व वेग सांगणारा संकेत कोरलेल्या) तबकड्या लावून लॅपटॉपमधली गाणी टर्नटेबलवरून चालवता येतात, आणि ते मिक्स या सॉफ्टवेअरमध्येही शक्य आहे. तरीही नवशिक्याने त्या वाटेला जाऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे, कारण दोन टर्नटेबल, सुया आणि मिक्सर यांच्या खर्चात कंट्रोलर, हेडफोन आणि केबल असा पूर्ण संच येऊन वर पैसे उरतात.

गंगापूर रोड

काही जणांनी खरेदी कोठे करावी असे विचारले आहे. केबल, कनेक्टर आणि स्टँड एम. जी. रोड व शालिमारच्या परिसरात मिळतात. कंट्रोलरची निवड मोठी हवी असेल तर पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला जाऊन लॅमिंग्टन रोडवर चौकशी करता येते. दोन्ही ठिकाणी स्वतःचा लॅपटॉप, स्वतःचे हेडफोन आणि सरावातली दोन गाणी, त्यातले एक वेग बदलणारे, सोबत न्यावीत आणि यंत्र चालू करून दाखवण्याचा आग्रह धरावा. ऑनलाइन घेणाऱ्यांनी पावतीवर भारतातली वॉरंटी नोंदलेली आहे का ते पाहावे आणि दुरुस्तीसाठी यंत्र कोणत्या शहरात पाठवावे लागेल, हे मागणी नोंदवण्यापूर्वी विचारून घ्यावे.