हीरो शाळकरी वयाचा हवा : भाऊबीजेच्या रात्री पोरांसोबत कुठला सुपरहिरो सिनेमा लावू?

विश्रामबागची आत्या

नमस्कार मंडळी. आम्ही सांगलीत राहतो. भाऊबीजेला दोन्ही भाऊ मुलांना घेऊन येतात आणि रात्री जेवणं आटोपली की सगळ्यांनी मिळून एक सिनेमा बघायचा, असा आमच्या घरचा रिवाज आहे. यंदा पोरांनी सुपरहिरोच हवा म्हणून हट्ट धरलाय. अट एकच, तो त्यांच्या वयाचा हवा, शाळेत जाणारा.

बघणारे असे: माझी लेक सातवीत, धाकट्या भावाचा मुलगा नववीत आणि थोरल्याचा मुलगा, जो यंदाच जतहून अकरावी सायन्सला इथे होस्टेलवर आलाय. त्याच्याबद्दल जरा जास्त सांगते. गावच्या शाळेत कायम पहिला. इथे आल्यापासून गप्प झालाय. रविवारी जेवायला येतो, विचारलं की 'बरं चाललंय आत्या' म्हणतो आणि ताटात बघत बसतो. त्याला चार गोष्टी ऐकवायच्या नाहीत मला, ते सगळे ऐकवतातच. त्याला आपला वाटेल असा सिनेमा हवाय, बस.

मारामारी भरपूर चालेल. पण शाळा नावापुरती नको. सासूबाईही बसतात, म्हणून हिंदी डबिंग असावं. मराठी असेल तर सोन्याहून पिवळं.

मिरज जंक्शन

ताई, डोळे झाकून 'स्पायडर-मॅन: होमकमिंग' लावा की. 2017 चा, दिग्दर्शक जॉन वॉट्स, कामात टॉम हॉलंड. 2002 च्या 'स्पायडर-मॅन'मध्ये पीटर पार्कर, म्हणजे स्पायडर-मॅन होणारा पोरगा, अर्ध्या वाटेतच शाळा संपवून मोकळा होतो. इथे तो पंधरा वर्षांचा आहे आणि शेवटपर्यंत शाळेतच आहे. रसायनशास्त्राच्या तासाला बाईंची नजर चुकवून जाळ्याचं द्रावण तयार करतो. गल्लीत कपडे बदलताना दप्तर भिंतीला चिकटवून जातो, परत येऊन बघतो तर दप्तर गायब. आता मे काकूला काय सांगायचं?

मला सगळ्यात आवडलं ते म्हणजे तो वाचवतो कुणाला. वॉशिंग्टन स्मारकाच्या लिफ्टमध्ये अडकतात ती त्याच्याच वर्गातली मुलं, स्पर्धेसाठी आलेली. ज्या संघाला त्याने दगा दिलेला असतो तोच संघ. आणि शाळेतल्या नाचाच्या संध्याकाळी गाडीतला एक प्रसंग आहे. मैत्रिणीचे वडील गाडी चालवतायत, पीटर मागे बसलाय, साध्या गप्पा चालल्यात. सिग्नल लाल. वडील आरशातून बघत एकेक प्रश्न विचारतात. पुढे सांगत नाही. एक ठोसा नाही की उडी नाही, पण अख्ख्या सिनेमात एवढी धडधड दुसरीकडे कुठे होत नाही.

तासगावचा बेदाणा

होमकमिंगला माझंही मत. पण सातवीतल्या मुलीसाठी 'स्काय हाय'सुद्धा बघून ठेवा. 2005 चा, डिस्नेचा. सुपरहिरोंच्या मुलांची आकाशात तरंगणारी शाळा. पहिल्याच दिवशी व्यायामशाळेत प्रत्येकाला आपली शक्ती दाखवायला लावतात आणि मास्तर तिथल्या तिथे निकाल देतात: हा हीरो, हा हीरोचा मदतनीस. आपल्याकडे 'अ' तुकडी आणि 'ड' तुकडी करतात अगदी तसं. नायकाचे आईवडील दोघेही नामांकित हीरो आणि हा गडी मदतनिसांच्या वर्गात! घरी सांगायची चोरी. ट्रिक सीन आता जुने वाटतात, पण तुकडीचं दुखणं ज्याला ठाऊक आहे त्याला हा सिनेमा कळतो.

रंगपेटी

मी चित्रकला शिकवते. आत्याबाई, तुम्ही होस्टेलवरच्या भाच्याचं लिहिलंत म्हणून सांगते, तुम्हाला हवा तो सिनेमा 'स्पायडर-मॅन: इन्टू द स्पायडर-व्हर्स' (2018) आहे. ॲनिमेशन आहे. 2019 च्या सोहळ्यात सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचं ऑस्कर त्याला मिळालं.

यातला माइल्स मोरालेस ब्रुकलिनचा. वडील पोलीस, आई नर्स. हुशार म्हणून मोहल्ल्यातली शाळा सोडून नामांकित निवासी शाळेत आलेला. जुने सवंगडी रस्त्यात हाका मारतायत आणि याला मात्र गणवेश घालून दुसरीकडे जायचंय. नव्या शाळेत त्याचं मन लागत नाही. म्हणून तो काय करतो, तर चूक-बरोबरच्या परीक्षेत मुद्दाम शून्य मिळवतो, म्हणजे काढून टाकतील आणि घरी जाता येईल. बाईंच्या ते लगेच लक्षात येतं. डोळे बांधून खुणा केल्या तरी निम्मी उत्तरं बरोबर यायची. एकूण एक चुकवायला एकूण एक उत्तर यावं लागतं! त्या त्याला काढून टाकत नाहीत, स्वतःबद्दल निबंध लिहायला सांगतात. कोळी चावण्याच्या आधीच त्याची खरी अडचण आपल्याला कळलेली असते. पुढची सगळी मारामारी त्या निबंधाचं उत्तर शोधण्यासाठी आहे, असं मी मानते.

आता माझ्या विषयातलं. सिनेमात सेकंदाला 24 चौकटी असतात. माइल्स नवखा असताना त्याची हालचाल बऱ्याच ठिकाणी एकेक चित्र दोन-दोन चौकटी धरून केली आहे, म्हणजे सेकंदाला 12 चित्रं. त्याच वेळी शेजारी त्याला शिकवणारा पीटर, यातला वयाने मोठा, मुरलेला स्पायडर-मॅन, पूर्ण 24 चित्रांत सरसर जातो. जंगलात दोघं जाळ्यांवरून झोके घेतात तिथे बघा, पोरगा अडखळतोय हे डोळ्यांना जाणवतं, पण का ते समजत नाही. हात बसला की त्याचीही चाल गुळगुळीत होते. शिकणं म्हणजे काय हे इतकं नेमकं चितारलेलं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. मुलांना आधी सांगू नका, नंतर तेवढाच भाग परत लावून दाखवा.

मिरज जंक्शन

बाई, सिनेमा चांगलाच आहे, पण नववीतला पोरगा 'कार्टून' म्हणून उठून जाईल. त्या वयात लहानांचं काही बघायला नको वाटतं. होमकमिंग सगळ्यांना चालेल.

रंगपेटी

पहिली दहा मिनिटं बसवा, मग उठणार नाही. छापील कॉमिकचे ठिपके, चौकटी, अक्षरं, सगळं पडद्यावर हलतं. होमकमिंग मलाही आवडतो. पण त्यात पीटरला शाळा आवडते, मित्र आहेत, त्याला फक्त मोठ्यांच्या टोळीत जायची घाई झालीय. त्याच्या पाठीशी टोनी स्टार्कसारखा गडगंज माणूस आणि त्याने दिलेला पोशाख आहे. जतहून आलेल्या मुलाचा प्रश्न वेगळा आहे. आपण इथले आहोत का, हा त्याचा प्रश्न. तो माइल्सचा आहे.

हरिपूर रोड

रंगपेटीताईंना अनुमोदन. एका प्रसंगासाठी तरी हाच लावा. माइल्स होस्टेलच्या खोलीत खुर्चीला जखडलेला, तोंडही बंद. वडील दाराबाहेर उभे. त्यांना वाटतं पोरगा रागाने बोलत नाहीये. आणि हा पोलीसमामा, जो सुरुवातीला शाळेच्या दारात गाडीच्या भोंग्यावरून सगळ्यांदेखत मुलाकडून 'आय लव्ह यू, डॅड' वदवून घेतो, तो इथे खाली मान घालून, शब्द शोधत शोधत बोलतो. आतला ऐकतोय, पण उत्तर देऊ शकत नाही. भावे नाट्यमंदिरात एकांकिका बघत मोठी झालेली माणसं आपण, दाराच्या दोन बाजूंचा प्रवेश कसा रंगतो हे आपल्याला सांगायला नको. थोरले भाऊ त्या रात्री थांबणार असतील तर त्यांनाही बसवा शेजारी.

साताऱ्याची कंदी

साताऱ्यातून दोन सावधगिरीच्या सूचना. यादी शोधताना 'क्रॉनिकल' (2012) दिसेल, शाळेतली तीन मुलं आणि अचानक आलेली शक्ती. उत्तम आहे, पण घरी मार खाणाऱ्या मुलाची गोष्ट आहे आणि फार काळोखी होत जाते. सणाला नको. 'शझाम!' (2019) हसवतो, चौदा वर्षांचा, आईपासून दुरावलेला बिली एका शब्दासरशी मोठा माणूस होतो. मात्र त्यातल्या राक्षसांचा कार्यालयातला प्रसंग सातवीच्या मुलीला झोपताना आठवेल.

मुलीसाठी वेगळं सुचवू? 'मिस मार्व्हल' (2022), सहा भागांची मालिका. जर्सी सिटीतली कमला खान, घरचे मूळचे पाकिस्तानातले. तिला चाहत्यांच्या मेळाव्याला जायचंय, आई नको म्हणते. मग तोडगा काय, तर वडील स्वतः हिरवा रंग फासून हल्क होऊन सोबत निघतात. तिचा चेहरा बघा त्या वेळी! पुढे 1947 च्या फाळणीचा धागाही येतो, तुमच्या सासूबाई तिथे नक्की रमतील. एका रात्रीत संपणार नाही, सुट्टीभर पुरेल.

विश्रामबागची आत्या

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! मुद्दाम शून्य मिळवणारा मुलगा वाचला आणि ठरलंच माझं. भाऊबीजेला स्पायडर-व्हर्स, होमकमिंग पाडव्याला, म्हणजे नववीवालाही खूश. मिस मार्व्हल मी आणि लेक दुपारी बघू. थोरल्या भावाला आजच फोन करून सांगते, रात्री जतला परत निघायचं नाही, मुक्काम करायचा.

एक विचारायचं राहिलं. स्पायडर-व्हर्समध्ये लेकीला घाबरवणारं काही आहे का? आणि पुढचा भाग त्याच रात्री लावला तर?

रंगपेटी

रक्तपात दाखवलेला नाही, पण मृत्यू आहेत, आणि त्यातला एक घरातल्या माणसाचा. सातवीच्या मुलीला झेपेल, फक्त शेजारी बसा. लांबी दोन तासांच्या आत आहे.

पुढचा भाग, 'अक्रॉस द स्पायडर-व्हर्स' (2023), त्याच रात्री अजिबात लावू नका. तो 140 मिनिटांचा आहे आणि ऐन मोक्यावर तुटतो, तिसरा भाग अजून यायचाय. पोरं झोपणार नाहीत. पण सुट्टी संपायच्या आत जरूर दाखवा. त्यात पवित्र प्रभाकर नावाचा आपला स्पायडर-मॅन आहे, मुंबई आणि मॅनहॅटन मिळून झालेल्या मुंबटनचा, आणि थिएटरात तो मराठी डबिंगमध्येही लागला होता. तुमच्याकडच्या ॲपवर आवाजाच्या भाषांत मराठी दिसते का ते आधी तपासा. नसेल तर हिंदी लावा, सासूबाईंची अडचण होणार नाही.